दाजींची चार कार्डं: कुठलं बंद केलं, कुठलं ठेवलं आणि का

दाजींच्या माळ्यावर चाकांची एक निळी बॅग आहे. २०२३ मध्ये एका मोठ्या दुकानाच्या दारात टेबल टाकून बसलेल्या पोरांनी ती फुकट दिली आणि बॅगेबरोबर त्यांच्या गळ्यात चौथं क्रेडिट कार्ड मारलं. बॅग एकदा पंढरपूरला जाऊन आली. कार्ड चालू केलं तेवढंच, पुढं कधी वापरलं नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. पगाराच्या दिवशी कुणी ना कुणी टेबलाशी येऊन विचारतोच, "न वापरलेली कार्डं बंद करू काय ओ?" मी उलट दोन गोष्टी विचारतो: कुठलं कार्ड, आणि पुढच्या वर्षभरात कर्ज काढणार आहेस का? हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नाही. ते कसं, हे दाजींच्या प्रकरणात मला चांगलंच कळलं, आणि त्यात माझीही एक चूक होती. दाजींना विचारूनच हे लिहितोय. बँकांची नावं गाळली आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय ४३, एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर, हातात पगार ४६,००० रुपये. अक्का घरी साड्यांना फॉल-पिको करते. वडगावात वडिलोपार्जित घर आहे, त्यावर मजला चढवायचा आहे. १२ लाखांचं कर्ज, संक्रांत झाली की अर्ज, असं ठरलं होतं. ही गोष्ट २०२५ च्या ऑगस्टमधली. म्हणजे हातात पाच महिने.

कार्डं चार. पहिलं २०११ चं, पूर्वीच्या नोकरीतल्या पगाराच्या बँकेचं. मर्यादा ४०,०००, वार्षिक फी नाही. हे इतकं जुनं की त्या बँकेच्या दफ्तरी शहराचं नाव अजून 'बेलगाम' आहे, 'बेळगावी' व्हायच्या तीन वर्षं आधीचं. दुसरं सध्याच्या पगाराच्या बँकेचं, मर्यादा १,२०,०००. सगळा खर्च याच्यावर, महिन्याला अठरा-वीस हजार, आणि दाजी पूर्ण बिल वेळेवर भरतात. तिसरं पेट्रोलचं, मर्यादा ६०,०००, वार्षिक फी ४९९ आणि वर जीएसटी. वर्षात ५०,००० खर्च झाला तर फी माफ. दाजींनी ते चौदा महिन्यांत वापरलं नव्हतं, कारण त्या कंपनीचा पंप त्यांच्या वाटेवर नाही. चौथं बॅगेचं, मर्यादा ८०,०००, आयुष्यभर फी नाही म्हणे. चारही कार्डांची मिळून मर्यादा ३,००,०००.

दोन वर्षांपूर्वी दाजींनी मला हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "पडू देत की दाजी, ती काय वैरण खातायत?"

अक्काचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं. "चार-चार कार्डं घरात कशाला? सगळी कातरून टाका." तिचं माहेर, म्हणजे आमचं घर, निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत कारकून होते, आणि वाण्याच्या वहीत नाव चढलं की आई त्या महिन्यात कुणाकडं पान-सुपारीलाही जात नसे. उधारी म्हणजे लाज, हे अक्काच्या अंगात मुरलेलं आहे. मी त्याला अडाणीपणा म्हणणार नाही. कार्डावरची थकबाकी फिरवत ठेवली की व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं, आणि आमच्या कारखान्यात दोन पोरं त्यात बुडालेली मी बघितली आहेत. ज्याचा हात आवरत नाही त्यानं, कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर-बिअर काही न बघता सगळी कार्डं कातरावीत. दाजी त्यातले नाहीत, म्हणून पुढचा हिशेब.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जुन्या कार्डाच्या बँकेचा इंग्रजी एसएमएस आला: तुमचं कार्ड वर्षाहून जास्त काळ वापरात नाही, तीस दिवसांत कळवलं नाही तर बंद करू. दाजींना वाटलं फसवाफसवी. तसं वाटणं चुकीचं नव्हतं, कारण त्याच आठवड्यात एकानं फोन करून गोड हिंदीत "सर, आपका कार्ड बंद हो रहा है" म्हणत ओटीपी मागितला होता, शिवाय व्हॉट्सॲपवर एक ॲप पाठवलं होतं. दाजींनी ते उघडलं नाही, हे नशीब. उघडून पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, करायला लागला असता.

पण एसएमएस खरा होता. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबद्दलचे नियम २०२२ च्या जुलैपासून लागू झाले. वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँकेनं ग्राहकाला कळवून बंद करायला घ्यावं, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर थकबाकी नसल्यास बंद करावं, असं त्यात आहे. म्हणजे "पडू देत" हा सल्ला आता चालतच नाही. पडलेलं कार्ड पडून राहत नाही, तुमच्या आधी बँकच ठरवते. आणि दाजींच्या बाबतीत बंद व्हायला निघालं होतं ते नेमकं सगळ्यात जुनं आणि बिनफीचं.

त्या संध्याकाळी दाजींचा सिबिलचा रिपोर्ट काढला, म्हणजे कर्जाचे हप्ते आणि कार्डांची बिलं वेळेत भरली का याच्या नोंदी. देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पैसे घेऊन रिपोर्ट काढून देणाऱ्यांकडं जायची काही गरज नाही. ३०० ते ९०० च्या मापावर दाजींचा स्कोअर ७३८. सहा महिन्यांपूर्वी तो ७६१ होता. एक हप्ता न चुकवणाऱ्या माणसाचा स्कोअर घसरला कशानं?

रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर कारण सापडलं. पेट्रोलच्या कार्डावर थकबाकी ७०७ रुपये, २६ दिवस उशीर. जूनमध्ये वार्षिक फी लागली होती: ४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ५८८ रुपये ८२ पैसे. बिल गेलं दाजींच्या जुन्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड त्यांनाही आठवत नाही. तारीख उलटली, शंभर रुपये विलंब शुल्क लागलं, त्यावर परत अठरा रुपये जीएसटी. म्हणजे माझ्या शब्दांत सांगायचं तर ते कार्ड वैरण खात होतं, आणि पैशांपेक्षा जास्त खाल्लं ते नावातलं.

अक्कानं माझ्याकडं नुसतं बघितलं.

मर्यादेचा हिशेब

सगळी कार्डं कातरायची की नाहीत, हे इथं ठरलं. ऑगस्ट म्हणजे गणपती. त्यात पोरीची डिप्लोमाची फी आणि मिक्सर. पगाराच्या कार्डावर त्या महिन्यात ७८,००० रुपये चढले. स्कोअर काढताना एकूण मर्यादेतला किती हिस्सा वापरलाय हे बघतात आणि तो साधारण तीस टक्क्यांच्या आत असलेला बरा असं मानलं जातं. नियम म्हणून कुठं लिहिलेलं नाही, पण कर्ज देणारे त्याच नजरेनं बघतात.

चारही कार्डं ठेवली तर ३ लाखांतले ७८,००० म्हणजे २६ टक्के. पेट्रोलचं बंद केलं तर मर्यादा २,४०,०००, वापर साडेबत्तीस टक्के. पेट्रोलचं आणि बॅगेचं दोन्ही बंद केलं तर जवळजवळ ४९. अक्का म्हणते तसं पगाराचं एकच ठेवलं तर ६५. खर्च एक रुपयानं वाढला नाही, तरी कागदावर माणूस जास्त ओढाताणीत दिसायला लागतो. दाजी म्हणाले, "म्हंजे मी न वापरलेलं कार्ड मला सांभाळतंय?" तसंच म्हणायला लागेल.

पण या हिशेबात एक पळवाट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. बँक या संस्थांना कळवते ती बहुधा बिल निघताना असलेली रक्कम. बिल नंतर पूर्ण भरलं तरी नोंद ७८,००० ची झालेली असू शकते. दाजींच्या पगाराच्या कार्डाचं बिल १८ तारखेला निघतं. १६ तारखेला त्यांनी ४५,००० आधीच भरून टाकले, तेव्हा बिल निघालं ३३,००० चं. पेट्रोलचं कार्ड बंद धरूनही वापर चौदा टक्क्यांच्या आत, आणि एकट्या पगाराच्या कार्डावर बघितलं तर साडेसत्तावीस. कुणी एकेका कार्डाचा वापर वेगळा बघितला तरी अडचण नाही. पैसे तेच, फक्त बिल निघायच्या दोन दिवस आधी.

जुन्या कार्डाबद्दल एक गैरसमज आमच्याकडं पक्का बसलेला आहे: सगळ्यात जुनं कार्ड बंद केलं की चौदा वर्षांचा इतिहास पुसला जातो. तसं होत नाही. बंद झालेलं खातं 'बंद' असा शिक्का घेऊन रिपोर्टमध्ये बरीच वर्षं राहतं आणि त्यावर वेळेत भरलेल्या बिलांची नोंदही राहते. लगेच जाते ती मर्यादा. वयाचा परिणाम हळूहळू, पुढं कधीतरी. तरीही बिनफीचं, चौदा वर्षांचं, स्वच्छ खातं कर्जाच्या तोंडावर घालवायला काही कारण नव्हतं. ते ठेवायचं ठरलं.

ठेवायचं म्हणजे वापरायचं. मी म्हणालो, हेस्कॉमचं वीजबिल त्यावर लावा, दर महिन्याला आपोआप भरेल. अक्का हसायला लागली. कर्नाटक सरकारची मोफत विजेची गृहज्योती योजना आल्यापासून त्यांचं वीजबिल शून्य येतंय. शून्य रुपयांनी कार्ड जागं कसं राहणार? शेवटी फास्टॅग सुचला. दाजींची महिन्या-दोन महिन्यांतून कोल्हापूरला एक फेरी होते, हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके लागतात. फास्टॅगचं पाचशेचं रिचार्ज जुन्या कार्डावरून करायचं आणि त्या कार्डाचं पूर्ण बिल बचत खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सोय करून ठेवायची. शिवाय कस्टमर केअरला फोन करून "कार्ड चालू ठेवायचंय" असं सांगितलं आणि तक्रार क्रमांकासारखा मिळालेला नंबर लिहून ठेवला. त्याच फोनवर ईमेल आणि पत्ताही बदलून घेतला.

पेट्रोलचं कार्ड बंद करताना

हे कार्ड ठेवण्यात काहीच राम नव्हता. फी लागते, पंप वाटेवर नाही, आणि फी माफीसाठी पन्नास हजार खर्च करायचा म्हणजे कोंबडीपेक्षा मसाला महाग. विसर्जन झाल्यावर सोमवारी, ८ सप्टेंबरला दाजींनी फोन लावला.

पलीकडचा माणूस पहिल्यांदा कन्नडमध्ये बोलला, पत्ता कर्नाटकचा म्हणून. दाजींना कन्नड कामापुरतं येतं, पण बँकेचे शब्द म्हटलं की आमची सगळ्यांचीच गाडी अडते. मग हिंदी. कार्ड बंद करायचंय म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम मऊ झाला: सर, फी माफ करतो, मर्यादा वाढवून देतो, नवीन कार्ड देतो. दाजी म्हणाले फी माफ करा आणि कार्डही बंद करा. तो म्हणाला ठीक, फी आणि विलंब शुल्क दोन्ही काढलं, थकबाकी शून्य, आता लेखी अर्ज पोस्टानं चेन्नईला पाठवा.

इथं मी फोन हातात घेतला. बँकेनं कार्ड बंद करायची विनंती पोस्टानंच पाठवा असा आग्रह धरायचा नाही, असं त्याच २०२२ च्या नियमांत स्पष्ट आहे. हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइटवरची लिंक, ॲप, यांतलं काहीही चालतं. थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे. नाही झालं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. मी हे शांतपणे सांगितलं तेव्हा त्याला ईमेलचा पत्ता आठवला. त्याच दुपारी ईमेल गेला.

सातवा कामाचा दिवस १७ सप्टेंबरला संपला. कार्ड चालूच. मी मनातल्या मनात पाचशेचे पाढे म्हणायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू. १९ तारखेला परत फोन केला तर कळलं, थकबाकी शून्य नव्हतीच. माफ झाले ४९९ आणि १००. त्यांच्यावरचा जीएसटी तसाच राहिलेला: ८९ रुपये ८२ पैसे अधिक १८ रुपये, एकूण १०७ रुपये ८२ पैसे. थकबाकी असेपर्यंत सात दिवसांचं घड्याळ सुरूच होत नाही, म्हणजे पाचशे रुपये विसरा. तोंडी "शून्य" वर आम्ही विश्वास ठेवला. ॲपमध्ये जाऊन आकडा बघायला हवा होता, एका मिनिटाचं काम.

दाजींनी वैतागून सरळ १०८ रुपये भरले. त्यामुळं आता बँकच दाजींचं १८ पैसे देणं लागत होती. जादा जमा असलेली रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात परत करायची असते, म्हणून एका मॅडमनी फोन करून १८ पैशांसाठी रद्द केलेला चेक मागितला. दाजींनी फोटो काढून पाठवला. पैसे आले. २६ सप्टेंबरला कार्ड बंद झाल्याचा ईमेल आला, मी 'थकबाकी नाही' असं लिहिलेलं वेगळं पत्रही मागून घेतलं. मग अक्कानं कार्ड कातरलं, चिप मधोमध कापली जाईल असं. तिला फार बरं वाटलं असावं.

२६ दिवसांच्या उशिराची नोंद मात्र पुसली नाही. सिबिलकडं हरकत नोंदवली, त्यांनी बँकेला विचारलं, बँक म्हणाली फी तेव्हा देय होती आणि भरली गेली नव्हती. बरोबरच आहे तसं बघितलं तर. फी माफ केल्याचा ईमेल तेवढा जपून ठेवला.

बॅगेचं कार्ड

यावर आमचं एकमत झालं नाही आणि अजून नाही. अक्काचं म्हणणं, हेही आत्ताच बंद. फुकट आलेली वस्तू कधी फुकट नसते. माझं म्हणणं, कर्ज मंजूर होईपर्यंत ८०,००० ची मर्यादा असू दे, फी नाही, तोटा नाही. दाजी मधल्या मध्ये. शेवटी असं ठरलं की ॲपमधून त्या कार्डाचे ऑनलाइन, परदेशी आणि नुसतं टेकवून होणारे, तिन्ही व्यवहार बंद करून ठेवायचे आणि कार्ड अक्काच्या ट्रंकेत, सोसायटीच्या पासबुकाखाली. ते पासबुक बघून आठवलं म्हणून सांगतो: दाजींचं सोसायटीचं एक कर्ज तीन वर्षांपूर्वी वेळेत फिटलं, पण ते रिपोर्टमध्ये नाही. सगळ्या सोसायट्यांची कर्जं तिथं येत नाहीत. बेळगावात अर्धा गाव सोसायटीवर आणि भिशीवर चालतो, आणि इतकी वर्षं वेळेत फेडलेलं बँकेच्या स्क्रीनवर दिसतच नाही. अक्काच्या नावावर तर रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही. पंचवीस वर्षं पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बाईचा स्कोअर नाही, याचा तिला राग आला. रास्त आहे.

जानेवारीच्या शेवटी कर्जाचा अर्ज गेला. ई-खात्याच्या, म्हणजे घराच्या मालमत्ता नोंदीच्या, कागदांनी कार्डांपेक्षा दहापट दमवलं, ती कथा वेगळी. शाखेतल्या अधिकाऱ्यानं कार्डांबद्दल दोनच प्रश्न विचारले. पहिला त्या २६ दिवसांबद्दल. दाजींनी फी माफीचा ईमेल दाखवला, त्यानं एका ओळीचा खुलासा लिहून घेतला. दुसरा, पगाराच्या कार्डावर आत्ता किती बाकी आहे. थकबाकीच्या पाच टक्के रक्कम तो महिन्याचा हप्ता धरत होता. काही बँका तसं धरतात. बाकी २१,००० होती, म्हणजे १,०५० रुपये. गणपतीतले ७८,००० अंगावर असते तर ३,९०० झाले असते, आणि बारा हजारांच्या आसपासच्या हप्त्याशेजारी तो आकडा बरा दिसला नसता. न वापरलेल्या कार्डांच्या मर्यादेबद्दल त्यानं तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या शाखेत दुसरा अधिकारी "एवढी कार्डं कशाला" म्हणतो, असंही ऐकलं आहे.

स्कोअर तोवर ७६६ वर आला होता. फेब्रुवारीत कर्जाचा पहिला भाग खात्यात पडला, त्याच रात्री अक्कानं ट्रंक उघडली. बॅगेचं कार्ड ॲपमधून बंद करायला पाच मिनिटं लागली. बाकी शून्य आहे हे या वेळी आधी बघितलं. 'कारण निवडा' म्हणून यादी आली, त्यात दाजींना पटेल असं एकही नव्हतं. त्यांनी 'इतर' दाबलं.

बंद झाल्याची नोंद तीस दिवसांत रिपोर्टवर यायला हवी. पेट्रोलच्या कार्डाची आली आहे, तारीखही बरोबर आहे. बॅगेच्या कार्डाची अजून बघायची आहे.